गंगाराम कांबळे यांचे हॉटेल

मराठीत 'हॉटेल' या शब्दाचा अर्थ इंग्रजीपेक्षा वेगळा आहे. इंग्रजीत हॉटेल म्हणजे प्रवाशाने रात्री मुक्काम करावा अशी जागा. आपल्याकडे मात्र पत्र्याच्या छपराखाली दोन बाकडी, एक शेगडी, चहाचे पातेले आणि बरणीत खारी-बिस्किटे एवढा संसार मांडला की झाले हॉटेल. तिथे झोपायला कोणी जात नाही. घोटभर चहा घ्यायला, कोणाची तरी वाट बघायला, वर्तमानपत्रातले एक पान वाचायला आणि उरलेल्या पानांसाठी शेजारच्याशी ओळख करून घ्यायला माणसे तिथे जातात.

कोल्हापूरच्या खाण्यापिण्यावर आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे. तांबडा रस्सा, पांढरा रस्सा, मिसळ, भेळ, गंगावेशीतले धारोष्ण दूध ही नावे घेतली तरी ऐकणाऱ्याच्या तोंडाला पाणी सुटते. पण चवीच्या या इतिहासाला लागूनच आणखी एक इतिहास आहे, आणि तो कमी सांगितला जातो. कोणाच्या हातचे कोणी खायचे, कोणाशेजारी कोणी बसायचे, कोणाच्या भांड्याला कोणाचे ओठ लागलेले चालायचे, याचा तो इतिहास आहे. आज आपण कोल्हापुरात कोणत्याही मिसळीच्या दुकानात अनोळखी माणसाच्या शेजारी बाकावर टेकतो आणि 'जरा सरका की पाव्हणं' म्हणतो. हे इतके साधे वाक्य म्हणता यावे यासाठी या गावात काय काय घडावे लागले, ते आज थोडक्यात सांगायचे आहे.

दीडशे वर्षांपूर्वीचा प्रवासी डोळ्यांपुढे आणा. तो घरून निघताना शिदोरी बांधून घेई. भाकरी, चटणी, कांदा, दशम्या, धपाटे. शिदोरी संपली की धर्मशाळेत किंवा झाडाखाली तीन दगडांची चूल मांडी आणि स्वतः शिजवून खाई. बाजारात विकत मिळणारे शिजवलेले अन्न घेणे ही त्याच्या लेखी शेवटची पाळी. कारण रोटीबंदीचा नियम पाण्यापाशी येऊन थांबत असे. भाजलेले, कोरडे जिन्नस बहुतेक चालत; पाणी घालून शिजवलेले मात्र आपल्या किंवा आपल्याहून वरच्या जातीच्या हातचेच लागे. जत्रेत, बाजारात चुरमुरे, फुटाणे, शेंगदाणे जितके मोकळेपणाने खाल्ले गेले तितके भात-आमटी कधी खाल्ली गेली नाही, ते यामुळेच. दुधालाही तशीच सवलत होती. पाण्याला मात्र ती कधीच नव्हती. अस्पृश्य मानलेल्या माणसाच्या हातचे पाणी तर सोडाच, त्याने पाणवठ्याला हात लावला तरी पाणी बाटत असे.

आणि मग चहा आला. हे पेय आपल्या शास्त्रात कुठेच नव्हते. मळ्यांत पिकणारा चहा आधी बहुतेक परदेशी जाई. तो इथल्याच लोकांनी प्यावा म्हणून १९०३ च्या चहा उपकराच्या कायद्यानंतर पद्धतशीर प्रचार सुरू झाला. पण चहा म्हणजे शेवटी उकळलेले पाणीच, तेव्हा जुना प्रश्न नव्या कपातून पुढे आला. पुण्याचे पंचहौद मिशनचे प्रकरण सर्वांना माहीत आहे. १८९० च्या ऑक्टोबरात मिशनच्या एका कार्यक्रमाला शहरातली प्रतिष्ठित मंडळी गेली. तिथे चहा आणि बिस्किटे देण्यात आली. कोणी चहा घेतला, कोणी नुसता कप हातात धरला. पुढे वर्तमानपत्रात नावे छापून आली आणि मोठे ग्रामण्य उभे राहिले. न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळक यांच्यासारख्यांनाही प्रायश्चित्ताच्या वाटेने जावे लागले. एका कप चहाने पुण्याचे विद्वान जग काही वर्षे ढवळून निघाले. तो चहा ख्रिस्ती माणसाच्या घरचा होता, एवढाच काय तो गुन्हा.

कोल्हापुरात त्याच काळात बाहेर खाण्याची गरज झपाट्याने वाढत होती. १८९१ मध्ये मिरजेहून कोल्हापूरपर्यंत आगगाडी आली. १८९४ मध्ये शाहू महाराजांच्या हाती राज्यकारभार आला आणि १८९५ मध्ये त्यांनी शाहूपुरी ही व्यापारी पेठ वसवली. गुळाचा बाजार तिथे भरू लागला. गूळ घेऊन येणारा शेतकरी, हमाल, गाडीवान, अडत्या, परगावचा व्यापारी अशी माणसे एका जागी आली. १९०६ मध्ये शाहू मिलची सुरुवात झाली आणि भोंग्याच्या वेळेवर जेवणारा कामगार गावात आला. १९१२ मध्ये खासबागेचे कुस्त्यांचे मैदान तयार झाले, तेव्हा लांबलांबचे मल्ल आणि त्यांना पाहायला येणारा समुदाय आला. एवढ्या माणसांनी रोज तीन दगडांची चूल कुठे मांडायची? घरापासून दूर असलेला माणूस जेवणार कुठे, हा प्रश्न आता फक्त यात्रेकरूंचा राहिला नव्हता.

सर्वांत अवघड प्रश्न होता तो विद्यार्थ्यांचा. खेड्यातला मुलगा हुशार आहे, शहरात शाळा आहे, फीही माफ होईल, पण तो राहणार कुठे आणि जेवणार कुठे? ब्राह्मण विद्यार्थ्याला वार लावून जेवता येत असे. आठवड्याचे सात दिवस सात घरी पान. मराठ्यांच्या, जैनांच्या, मुसलमानांच्या किंवा महारांच्या मुलाला ती सोय नव्हती. शाहू महाराजांनी याचे उत्तर वसतिगृहांत शोधले. १९०१ मध्ये मराठा आणि जैन वसतिगृहे निघाली, नंतरच्या काही वर्षांत लिंगायत, दैवज्ञ, शिंपी अशा समाजांची. अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी १९०८ मध्ये मिस क्लार्क वसतिगृह निघाले. मुसलमान समाजातून पुढाकार घेणारे कोणी मिळेना, तेव्हा १९०६ मध्ये महाराज स्वतः मोहमेडन एज्युकेशन सोसायटीचे अध्यक्ष झाले आणि मुस्लिम बोर्डिंग उभे राहिले. दसरा चौकाच्या परिसरात ते आजही आहे. एखाद्या हिंदू राजाने मुसलमान मुलांच्या जेवणाखाण्याच्या व्यवस्थेचे अध्यक्षपद आपणहून घ्यावे, ही गोष्ट मला कोणत्याही मोठ्या घोषणेपेक्षा मोठी वाटते.

आता कोणी विचारील, समतेचा एवढा कैवारी राजा, मग प्रत्येक जातीचे वसतिगृह वेगळे का? प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर स्वयंपाकघरात आहे. एका चुलीवरचे अन्न सगळ्यांनी खायचे ठरवले असते तर पालकांनी मुले पाठवलीच नसती. आधी मुलगा शाळेत आला पाहिजे, पंगत पुढे बघू, असा तो व्यवहार होता. पुढे कर्मवीर भाऊराव पाटील यांनी तेही पाऊल टाकले. ते स्वतः कोल्हापूरच्या जैन वसतिगृहात शिकलेले. त्यांनी १९२४ मध्ये साताऱ्याला जे वसतिगृह काढले तिथे सर्व जातिधर्मांची मुले एका पंगतीला बसून जेवत. त्या मुलांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी आपल्या अंगावरचे दागिने, शेवटी मंगळसूत्रही मोडले. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्या वसतिगृहाला शाहू महाराजांचेच नाव देण्यात आले.

परंतु वसतिगृह ही झाली मुलांची गोष्ट. मोठ्या माणसांचे काय? भर बाजारपेठेत, सर्वांच्या डोळ्यांदेखत, एकमेकांच्या हातचे घेण्याची सवय कशी लागणार? इथे आपण गंगाराम कांबळे यांच्यापाशी येतो.

गंगाराम कांबळे हे जातीने महार. महाराजांच्या पागेत नोकरीला होते. पागेतल्या नोकरांसाठी पाण्याचे हौद होते आणि तेही अर्थातच वेगवेगळे. मराठ्यांसाठी राखलेल्या हौदाला गंगाराम शिवले, असा आरोप ठेवून तिथल्या सवर्ण नोकरांनी त्यांना बेदम मारले. महाराज त्या वेळी दिल्लीला गेले होते. ते परत आल्यावर गंगाराम यांनी सोनतळीच्या मुक्कामी जाऊन त्यांच्यापुढे पाठीवरचे वळ उघडे केले. महाराज संतापले. मारणाऱ्यांना त्यांनी कडक शिक्षा केली. पण तेवढ्यावर ते थांबले नाहीत. राजाच्या धाकाने एक मार टळेल, दुसरा कसा टळणार? नोकरीत राहून हा माणूस पुन्हा त्याच हौदापाशी जाणार. म्हणून महाराजांनी त्यांना नोकरीतून मोकळे केले, स्वतःचा धंदा काढायला सांगितले आणि त्यासाठी मदत केली.

गंगाराम यांनी भाऊसिंगजी रोडवर चहाचे हॉटेल काढले. नाव ठेवले 'सत्यसुधारक'. हॉटेल स्वच्छ होते, चहा चांगला होता. पण मालक महार आहे हे सर्वांना ठाऊक. ज्याने पाण्याच्या हौदाला हात लावला म्हणून पाठ फोडली गेली, त्याच्या हातचे उकळलेले पाणी विकत घेऊन कोण पिणार?

पहिले मोठे गिऱ्हाईक स्वतः छत्रपती झाले. महाराजांची गाडी या हॉटेलापुढे थांबू लागली. गाडीतूनच ते मोठ्या आवाजात चहा मागवत आणि चारचौघांसमोर पीत. बरोबर दरबारची मंडळी असत, त्यांत ब्राह्मण असत, मराठे असत. राजाने कप तोंडाला लावल्यावर त्यांनी तरी नाही कसे म्हणावे? अर्ज घेऊन, सही घ्यायला येणाऱ्यांनाही महाराज तिथे थांबवत आणि चहा पाजत. चहा घेतला की काम पुढे सरके. हसत-खेळत, थट्टामस्करी करत हे चाले. सक्ती होती असे म्हटले तर सक्ती होती, पाहुणचार म्हटले तर पाहुणचार. अशी हळूहळू गिऱ्हाइकांची भीड चेपली.

मित्रहो, पुण्याचा १८९० मधला चहा आणि कोल्हापूरचा हा चहा शेजारी शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत. दोन्हींमधले अंतर पुरते तीस वर्षांचेही नाही. पुण्यात चहा प्यालेल्यांना प्रायश्चित्त घ्यावे लागले. कोल्हापुरात चहा न पिणाऱ्याची पंचाईत झाली. महाराजांनी त्यासाठी मोठा सहभोजनाचा सोहळा मांडला नाही. सहभोजनाला लोक ठरवून जातात, फोटो निघतात आणि दुसऱ्या दिवशी जो तो आपल्या चुलीपाशी परततो. हॉटेल मात्र रोज सकाळी उघडावे लागते. तिथे रोज तोच प्रश्न पडतो आणि रोज दोन पैसे टाकून त्याचे उत्तर द्यावे लागते. शिवाय चहा विकणारा कोणाकडे दया मागत नसतो. तो माल देतो आणि मोबदला घेतो. दान घेणाऱ्याची मान खाली असते, विकणाऱ्याची ताठ राहते. गंगाराम यांना महाराजांनी काय दिले, असे विचारले तर मी म्हणेन, त्यांनी गल्ला दिला.

यामागे महाराजांचा स्वतःचा अनुभवही असावा. वेदोक्त प्रकरणात खुद्द छत्रपतींनाच त्यांची पायरी दाखवून दिली गेली होती. सिंहासनावर बसलेल्या माणसाला ही वागणूक, तर पागेतल्या नोकराची काय कथा, हे त्यांना कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

१९१९ मध्ये संस्थानात हुकूम निघाले. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, शाळा, दवाखाने, सरकारी इमारती येथे अस्पृश्यता पाळता कामा नये, असे त्यांत बजावले होते. मार्च १९२० मध्ये कागल जहागिरीतल्या माणगावला परिषद झाली. अध्यक्ष होते तरुण भीमराव आंबेडकर. महाराज तिथे गेले, अस्पृश्यांना त्यांचा पुढारी मिळाल्याचे जाहीरपणे म्हणाले आणि त्याच भाषणात त्यांनी आंबेडकरांना आपल्याकडे जेवायचे आमंत्रण दिले. व्यासपीठावरच्या गौरवानंतर घरचे जेवण सांगायला ते विसरले नाहीत, हे मला फार बोलके वाटते. आपल्याकडे माणसाला थोर म्हणणे सोपे असते, पान मांडून शेजारी बसवणे अवघड.

६ मे १९२२ रोजी महाराज गेले. त्यानंतर कोल्हापुरात त्यांचे स्मारक व्हावे म्हणून ज्यांनी आधी हात घातला त्यांत गंगाराम कांबळे होते. नर्सरी बागेत त्यांच्या पुढाकाराने स्मारक उभे राहिले. पुतळे आणि मोठमोठ्या इमारती नंतर आल्या. चहा विकून मिळवलेल्या पैशाचे मोल त्या कृतज्ञतेत होते.

या गोष्टीचे पुढचे पान भारताच्या संविधानात आहे. २६ जानेवारी १९५० पासून अमलात आलेल्या संविधानातला पंधरावा अनुच्छेद जरूर वाचून पाहा. धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांच्या कारणावरून कोणालाही दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे, हॉटेले येथे मज्जाव करता येणार नाही, असे त्यात म्हटले आहे. त्याला लागूनच विहिरी, तलाव, स्नानघाट आणि रस्ते यांचा उल्लेख आहे. एवढ्या मोठ्या देशाच्या मूलभूत कायद्यात हॉटेल हा शब्द आला आहे. पाण्याचा हौद आणि चहाचे हॉटेल, गंगाराम यांच्या आयुष्यातल्या या दोन जागा संविधानात अशा शेजारी शेजारी येऊन बसल्या आहेत. मसुदा समितीचे अध्यक्ष कोण होते, हे सांगायला नकोच.

आता थोडे चवीकडे वळू. ज्याला आपण अस्सल कोल्हापुरी म्हणतो त्याची पाळेमुळे शोधू लागले की गंमत वाटते. तांबड्या रश्श्याचा तांबडेपणा मिरचीचा. ती मिरची पोर्तुगीजांच्या जहाजांतून सोळाव्या शतकात अमेरिकेहून आली. नंतर ती संकेश्वर-ब्याडगीकडच्या मातीत अशी रुजली की जणू इथलीच. शेंगदाणा तसाच परदेशी, बटाटा तसाच. मिसळीबरोबरचा पाव तर नावानिशी पोर्तुगीज. पांढऱ्या रश्श्यात मटणाचे अळणी, नारळाचे दूध, तीळ, खसखस. म्हणजे कोकणचा नारळ आणि देशावरचे मटण यांची घाटाच्या माथ्यावर पडलेली गाठ. आणि ते मटण? गावगाड्यात बकरे हलाल करायचे काम मुलाण्याचे. मराठ्यांच्या घरचा देवकार्याचा बकरा असो की पिराच्या उरुसातली कंदुरी असो, सुरी मुलाण्याची, चूल पाटलाची आणि पंगत गावाची. आमच्या भागात कित्येक पिढ्या हे असेच चालत आले. तांबड्या-पांढऱ्या रश्श्यात आमचाही हात आहे, असे मी थट्टेने म्हणतो तेव्हा त्यात थट्टा थोडीच असते.

हे रस्से वाड्यांच्या आणि घरांच्या चुलींवरून लोकांच्या ताटात आणले ते खानावळींनी. कोल्हापुरातल्या घरगुती खानावळी पुष्कळ अंशी बायकांच्या कष्टांवर उभ्या आहेत. ज्या घरातला कर्ता गेला किंवा ज्याची मिळकत पुरेना, त्या घरातल्या बाईने पाटा-वरवंटा पुढे ओढला आणि पाच-दहा माणसांचे डबे सुरू केले. रस्सा हवा तेवढा वाढायचा ही इथली रीत. मिसळीच्या दुकानातही 'कट' मागून घ्यायला कोणाला संकोच वाटत नाही. कसबा बावड्याला जा, खासबागेत जा की उद्यमनगरात जा, कामगार, वकील, पैलवान आणि कॉलेजची पोरे एकाच बाकावर घाम पुसत बसलेली दिसतील.

पण चित्र पूर्ण करायचे तर सावलीही रंगवली पाहिजे. ज्या बायकांनी खानावळी चालवल्या त्यांना स्वतः हॉटेलात बसायला फार काळ लागला. माझ्या लहानपणी तालुक्याच्या गावी हॉटेलांवर 'फॅमिली रूम'ची पाटी असे. मळकट पडदा आणि आत दोन टेबले. बाईमाणसाने तिथेच बसायचे. आणि खेडेगावांतल्या चहाच्या टपऱ्यांवर वेगळ्या कपांची पद्धत कायद्यानंतरही पुष्कळ वर्षे टिकली. १९५५ मध्ये अस्पृश्यता गुन्हा ठरवणारा कायदा झाला, तरी छपराच्या वळचणीला ठेवलेला कान तुटलेला कप कुठेकुठे तसाच राहिला. दलित लेखकांनी आपल्या आत्मकथनांतून तो कप आपल्यापुढे ठेवला म्हणून बरे, नाहीतर आपण सोयीस्करपणे विसरलो असतो.

हा सगळा इतिहास आज आठवण्याचे कारण आहे. जून २०२३ मध्ये खुद्द कोल्हापुरात तणाव झाला, दगडफेक झाली. शाहूंच्या गावात हे कसे घडले, म्हणून अनेकांना वाईट वाटले. २०२४ च्या जुलैमध्ये उत्तरेकडे कावड यात्रेच्या मार्गावरच्या खाद्यपदार्थांच्या दुकानांवर मालकांची नावे लावण्याचे आदेश निघाले. सर्वोच्च न्यायालयाने २२ जुलै रोजी त्यांना अंतरिम स्थगिती दिली. पदार्थ शाकाहारी की मांसाहारी एवढे सांगणे पुरेसे आहे, मालक कोण हे सांगण्याची सक्ती नको, अशी ती भूमिका होती. पण कुठे कुठे 'अमक्याच्या गाड्यावरचे घेऊ नका' असे निरोप मोबाइलवरून फिरत असतात. फळे विकणारा बागवान, मटण विकणारा खाटीक, आइस्क्रीमची गाडी लावणारा एखादा पोरगा यांच्या पोटावर असे निरोप सरळ जाऊन बसतात. धंद्याला बंदी नसते. फक्त गिऱ्हाईक येत नाही. गंगाराम कांबळे यांच्या हॉटेलात पहिल्या दिवसांत नेमके हेच झाले होते.

त्या वेळी मालकाचे नाव आणि जात कोणापासून लपलेली नव्हती. महाराज चहाला गेले ते मालक कोण हे माहीत असूनच. किंबहुना ते माहीत होते म्हणूनच गेले. नाव विचारून पाठ फिरवणारे तेव्हाही होते, आजही आहेत. नाव विचारून बाकावर बसणारे किती, यावर गावाचे मोठेपण ठरते.

आज आपल्यापाशी राजा नाही, त्याची गरजही नाही. गाडी थांबवण्याचा अधिकार आता प्रत्येक गिऱ्हाइकाच्या हाती आला आहे. आपण चहा कोणाकडे घेतो, फळे कोणाच्या पाटीतून उचलतो, कोणाच्या खानावळीत डबा लावतो, यातून रोज काहीतरी ठरत असते. कोल्हापूरला गेलात तर तांबडा-पांढरा जरूर खा, मिसळीवर कट मागून घ्या. मात्र एखाद्या सकाळी भाऊसिंगजी रोडवरून पायी जा आणि जे हॉटेल समोर दिसेल तिथे चहा घ्या. मालकाशी दोन शब्द बोला. त्याचे नाव जरूर विचारा, आणि मग आणखी एक कप मागवा.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)